आवाज कुठे अडला?

गणपतीला दहा-बारा दिवस असतील. भर पावसात एक कॉलेजचा मुलगा रिक्षातून भलंमोठं खोकं घेऊन माझ्या दारात उतरला. आत गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर होता, पंधरा वॅटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. म्हणाला, "काका, आवाज येतो, पण शेजारच्या घरातून आल्यासारखा येतो." शनिवारी त्यांच्या बॅण्डचा कार्यक्रम होता. 'व्हॉल्व्ह गेले असणार' असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, म्हणून शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने पाचही व्हॉल्व्ह नवे आणून बसवले होते. आवाज होता तिथेच.

माझं आयुष्य रेडिओ दुरुस्तीत गेलं. बटण फिरवल्यावर अर्ध्या मिनिटाने बोलू लागणारे ते व्हॉल्व्हचे रेडिओ वाचकांपैकी अनेकांना आठवत असतील. ट्रान्झिस्टर आला आणि काचेचे ते दिवे घरांतून गेले. गिटारवाल्यांनी मात्र ते सोडले नाहीत. झेपेल त्याहून जास्त भार आला, तर व्हॉल्व्ह आवाज एकदम कापत नाही, हळूहळू दाबत नेतो. त्या दाबण्यातून जो खरखरीत गोडवा येतो, तोच त्यांना हवा असतो. रशिया, स्लोव्हाकिया, चीन इथे हे व्हॉल्व्ह आजही तयार होतात, आणि ते स्वस्त नसतात.

म्हणूनच मी त्या मुलाला आधी एक हिशेब सांगितला. आपला कान आणि वॅट यांचं नातं सरळ नाही. पंधरा वॅटचे साडेसात झाले, तर कानाला थोडासाच फरक कळतो. आवाज निम्मा वाटायला ताकद साधारण दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे दीड वॅटवर यावी लागते. व्हॉल्व्ह थकतात, पण ते महिनोन् महिने हळूहळू थकतात. परवापर्यंत दणदणीत असलेला आवाज आज पुटपुटायला लागला, तर तो बहुधा वाटेत कुठेतरी अडलेला असतो. तेव्हा वाट तपासायची, आणि ती बाहेरून.

सुरुवात गिटारपासून. तीच गिटार, तीच वायर दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला लावून पाहायची. गिटारवरचं आवाजाचं बटण कमी केलेलं नाही ना? (हसू नका, दोन गिऱ्हाइकं माझ्याकडे एवढ्यासाठी आलेली आहेत.) काही अ‍ॅम्प्लिफायरना दोन इनपुट असतात आणि त्यातलं एक मुद्दामच कमी आवाजाचं असतं. मग मागच्या बाजूला स्पीकरची वायर. तिथे गिटारची बारीक वायर लावू नये, ती त्या प्रवाहासाठी नसते. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही चालू करू नये, त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

विजेचंही पाहावं. मांडवात लांबून ओढलेल्या वायरवर २३० व्होल्टचे १९० झाले, की व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेला ६.३ व्होल्टऐवजी ५.२ च्या आसपास मिळतात. मग अ‍ॅम्प्लिफायर उपाशी माणसासारखा गातो.

या मुलाचं हे सगळं ठीक होतं. मग मी मागच्या दोन सॉकेटांकडे वळलो. एकावर 'सेंड', दुसऱ्यावर 'रिटर्न' लिहिलेलं होतं. आवाज घुमवणारी वगैरे उपकरणं मध्ये जोडण्यासाठी ती सोय असते. गंमत अशी, की तिथे काहीही जोडलेलं नसतं, तेव्हा अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सगळा आवाज रिटर्न सॉकेटमधल्या एका बारीक धातूच्या पट्टीवरून पुढे जातो. ती सोय हा मुलगा कधी वापरतच नव्हता. न वापरलेल्या पट्टीवर आपल्या पावसाळी हवेत गंज चढतो, धूळ बसते, आणि आवाज पाझरल्यासारखा थेंब थेंब पुढे जातो.

मी आवाजाचं बटण अगदी खाली आणलं, एक आखूड वायर घेऊन सेंड आणि रिटर्न जोडले, आणि बटण हळूहळू वर घेतलं. त्याने तार छेडली. खोलीतली भांडी वाजली! आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाजही तितकाच मोठा आला.

मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून सॉकेटमध्ये कॉण्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारला, दहा-बारा वेळा पिन आत-बाहेर केली आणि तो सुकू दिला. पुण्यात तपकीर गल्लीत हा डबा मिळतो. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येत असेल, तर तिथेही हाच उपाय. मात्र ते बटण बदलायची वेळ आली, तर दुकानात 'लॉग' प्रकारचं मागा. साधं 'लिनियर' बसवलं, तर सगळा आवाज पहिल्या दोन आकड्यांतच येतो आणि पुढे बटण फिरवून काही होत नाही. असाही 'बिघाड' मी दुरुस्त केला आहे.

व्हॉल्व्ह खरोखर जातात तेव्हा खुणा दिसतात. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला, तर आत हवा शिरली. आतला पत्रा लालभडक झाला, तर ताबडतोब बंद करायचं. लहान व्हॉल्व्ह बंद करून, गार झाल्यावर, एकेक बदलून पाहता येतात. मोठ्यांच्या बाबतीत बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बायस जुळवावा लागतो, ते जाणकाराकडून करून घ्यावं.

पण पेटी उघडू नका. मुलाने तिचे स्क्रू काढायला घेतले होते, ते पाहून माझ्या पोटात गोळा आला. आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये भरून राहू शकतात. उमेदवारीच्या काळात प्लग काढलेल्या रेडिओनेच मला स्टुलावरून खाली फेकलं होतं. तेव्हापासून चालू यंत्रात मोजमाप घेताना माझा डावा हात खिशात असतो, म्हणजे झटका छातीतून आरपार जायचा धोका कमी होतो.

जाताना तो जुन्या व्हॉल्व्हची पुडी कचऱ्यात टाकायला निघाला. मी त्या पाचांनाही माझ्या जुन्या टेस्टरवर लावून पाहिलं. चार ठणठणीत निघाले, पाचवा जरा थकलेला. कापसात गुंडाळून पाचही त्याच्या हातात दिले.