जगाचे डॉक्टर आणि गावची काकू

केळव्याला सहलीला गेलात, की समुद्रात डुंबून झाल्यावर शितलादेवीच्या देवळात जाता ना? ह्या देवीला पूर्वी साकडं कशासाठी घालत, ते एकदा आजीला विचारा. घरातल्या पोराला 'देवी' आल्या, म्हणजे सणकून ताप येऊन अंगभर फोड उठले, की लोक शितलादेवीला शरण जात. देवीची लस निघाली होती, पण एकदा रोग झाला की त्याला औषध नव्हतं.

मग तो रोग गेला कुठे? भारतातला शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, आणि १९८० साली देवी जगातूनच हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. त्यासाठी देशी-परदेशी डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी दारोदार हिंडले. देवी आलेल्या मुलाचं चित्र दाखवून विचारायचे, "असं कुणी आजारी आहे का?" रोगी सापडला रे सापडला, की आसपासच्या सगळ्यांना लस! म्हणजे बघा, जगाचा डॉक्टर व्हायचं तर आधी दुसऱ्याचं दार ठोठावता आलं पाहिजे.

हे शिकवतं कोण? आपले फॅमिली डॉक्टर घरातल्या सगळ्यांना ओळखतात. आजीची गुडघेदुखी आणि धाकट्याचा खोकला, दोन्ही त्यांना पाठ. पण अशा डॉक्टरला परक्या मुलखातल्या गरीब वस्तीत काम करायचं असेल, तर निराळी तयारी लागते. पंधरा दिवस यायचं, गोळ्या वाटायच्या, फोटो काढायचे नि विमान पकडायचं, ह्याला काही आम्ही तयारी म्हणणार नाही. खरी तयारी करून घेणारी एक जागा आपल्या महाराष्ट्रातच आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं जामखेड!

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको तिथे आले. दोघंही वेल्लोरला डॉक्टर झालेले, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून परतलेले. भाग दुष्काळी. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाची व्हायच्या आत दगावत.

आधी त्यांनी गावोगाव नर्सबाई पाठवून पाहिल्या. पण तरुण मुली परक्या गावात एकट्या राहीनात, आणि गावच्या बायका त्यांचं ऐकेनात. मग ठरलं, गावानंच आपली एक बाई निवडायची. निवडलेल्या बायका बहुतेक निरक्षर, काही दलित वस्तीतल्या. त्यांनी जामखेडला यायचं, शिकायचं आणि शिकलेलं गावात जाऊन सांगायचं.

आता जुलाबांचंच घ्या. मुलाला जुलाब झाले की पाणी तोडायचं, अशी तेव्हा समजूत होती. अंगातलं पाणी आटूनच तर मुलं जायची! खरं तर उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, त्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्यानं जीव वाचतो. (आईबाबा, मेडिकलमध्ये मिळणारी ओआरएसची पुडी घरात असू द्या, ती अधिक चांगली. मूल मलूल झालं तर मात्र डॉक्टरकडे पळा.) डॉक्टरनं सांगून हे पटत नसे. शेजारच्या काकूनं चुलीपाशी बसून, चमच्या-चमच्यानं पाजून दाखवलं, की पटे.

जामखेडची बातमी दूरवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ साली काढलेल्या एका पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि १९८८ साली जामखेडच्या मुक्ताबाई पोळ थेट वॉशिंग्टनला गेल्या. तिथे जमलेल्या आरोग्यतज्ज्ञांपुढे त्या बोलल्या, अगदी बिनधास्त!

पुढे जामखेडला प्रशिक्षण संस्थाच उभी राहिली. देशोदेशीचे डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी तिथे येतात. शिकवणाऱ्यांत ह्या गावच्या बायकाही असतात, ही आम्हाला सगळ्यात आवडलेली गोष्ट. नाडी कशी पाहायची ते पाहुण्यांना येतंच. ह्या घरात पाणी कुठून येतं, मुलगी शाळेत जाते का, औषध घ्यायचं की नाही हे घरात कोण ठरवतं, हे विचारायचं मात्र बाकी असतं. अशा प्रश्नांना तर शब्द जपून वापरावे लागतात. परक्या माणसाला कोण पटकन खरं सांगणार?

मेबलताई १९९९ साली आणि रजनीकांत २०११ साली गेले. काम चालू आहे.

२००५ साली देशात 'आशा' योजना आली. तीही गावातलीच बाई निवडते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात असो नाही तर खाली केळव्याच्या वाडीत, आशाताई दारी येतात. आता आल्या की त्यांना पाणी द्या, बसवा आणि पिशवीत काय काय आहे ते दाखवायला सांगा. ओआरएसच्या पुड्या असतील त्यात.