झाडे मोजली, माणसे कोण मोजणार?

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा २०२३ चा अहवाल २१ डिसेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आणि वनाबाहेरचे वृक्षाच्छादन १,१२,०१४ चौरस किलोमीटर, दोन्ही मिळून देशाच्या भूभागाच्या २५.१७ टक्के. आकडा वाढला म्हणून सत्ताधाऱ्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या डोंगरात ज्यांचा जन्म गेला त्यांना मात्र ही वाढलेली हिरवाई नेमकी कुठे आहे, हे कळायला मार्ग नाही.

आम्ही वकील मंडळी आधी व्याख्या वाचतो. या अहवालाच्या व्याख्येप्रमाणे एक हेक्टरपेक्षा मोठा आणि दहा टक्के वा त्याहून जास्त छत्र असलेला कोणताही तुकडा म्हणजे वनाच्छादन. जमीन कोणाच्या मालकीची, कायद्याने ती वन आहे की नाही, झाड कोणत्या जातीचे, याचा विचार नाही. म्हणजे बागायतदाराची आमराई हे वन, निलगिरीची लागवड हेही वन. एकीकडे ऐन, हिरडा, मोह, जांभळाचे जुने मिश्र जंगल तुटले आणि दुसरीकडे तेवढ्याच जागेवर निलगिरी उभी राहिली, तर वहीत जमा-खर्च बरोबर जुळतो! उपग्रहाला आकाशातून शेंडा दिसतो, बुंध्याशी उभा असलेला माणूस दिसत नाही.

नाशिकला झाडे मोजण्याची परंपरा तशी जुनी आहे. येथील त्रिरश्मी लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात नारळाची बत्तीस हजार झाडे दान दिल्याची नोंद आहे, आणि झाडे कोणत्या गावची व दान कोणाला, हेही तेथे कोरलेले आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडावर जी माहिती आहे ती आजच्या अहवालात शोधून सापडत नाही.

मग पश्चिम नाशिकची झाडे गेली कुठे? वन खात्याचे उत्तर ठरलेले आहे: अतिक्रमणदारांनी तोडली. वास्तविक पाहता ही कहाणी १८६५ पासून सुरू होते. त्या वर्षी थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी देशातला पहिला वन कायदा केला. रेल्वेला रुळाखाली स्लीपर हवे होते, जहाजांना व इमारतींना साग हवा होता. १८७८ च्या कायद्याने राखीव वने केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा माणूस एका रात्रीत गुन्हेगार ठरला. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात या जंगल खात्याने गरीब शेतकऱ्याची गुरेढोरे चारण्याची जागा कशी गिळली याचा हिशेब मांडला आहे. आमच्या पर्यावरणवादी मित्रांच्या वाचनात तो येत नाही, ही गोष्ट वेगळी.

स्वातंत्र्यानंतर साहेब बदलले, खाते तेच राहिले. कूप पडत राहिले, ठेकेदार गब्बर झाले. गुजरातच्या सीमेलगत काथासाठी खैराची चोरटी तोड सुरू झाली. त्यात कुऱ्हाड चालवणारा गरीब पकडला जातो, माल घेणारा व्यापारी क्वचितच. वन विकास महामंडळाने राज्यात ठिकठिकाणी मिश्र जंगल साफ करून सागाच्या रांगा लावल्या. धरणांनी दऱ्या बुडवल्या. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी मुंबईच्या नळाला जाते. आता महामार्ग, टेकड्या पोखरणारे रिसॉर्ट व बंगल्यांचे प्लॉट आले आहेत. आणि आता सिंहस्थ! २०२७ च्या कुंभमेळ्यातील साधुग्रामासाठी महापालिकेने २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातील सतराशेहून अधिक झाडांबाबत नोटीस काढली, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. उतरले ते योग्यच केले. परंतु सुरगाण्याच्या डोंगरावर झाड पडते तेव्हा कॅमेरे पोहोचत नाहीत, ही तक्रार आम्ही येथे नोंदवून ठेवतो.

गरिबाने झाड तोडलेच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. भाताच्या नि नागलीच्या रोपांसाठी राब भाजायला फांद्या तोडल्या जातात. चुलीला लाकूड लागते. निवडणुका तोंडावर आल्या की ‘जमीन पिका, पुढचे आम्ही बघतो’ असे सांगणारे पुढारीही आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांच्या भरवशावर उतारावरची चांगली झाडी साफ झालेली आहे. पण दोन एकर नागलीसाठी फांद्या तोडणारा आणि डोंगरच्या डोंगर लिलावात काढणारा, दोघांना एकाच ‘अतिक्रमण’ शब्दात कोंबणे हा न्याय नव्हे.

परिणाम कोणाच्या वाट्याला आले ते पाहा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे जिल्ह्यातले सर्वांत जास्त पावसाचे तालुके. पावसाळ्यात तेथे छत्री टिकत नाही आणि उन्हाळ्यात बायका तळ गाठलेल्या विहिरीत उतरून वाटीने पाणी भरतात. झाडी गेली, उतारावरची माती वाहून गेली, पाणी मुरायचे थांबले. पाऊस पडतो आणि तासाभरात ओढ्याने निघून जातो. रब्बीला पाणी नाही म्हणून दिवाळीनंतर माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. मोह, हिरडा, रानभाज्या हा भुकेच्या महिन्यांतला आधार होता, तोही आटला. इकडे बिबट्या निफाड-सिन्नरच्या उसात मुक्कामाला आला. त्याच्या तोंडी सापडते ते उघड्यावर झोपलेल्या मजुराचे लेकरू, बंगल्यातले नव्हे.

आता भरपाईची गोष्ट. एका ठिकाणी प्रकल्पासाठी वन गेले की दुसरीकडे झाडे लावायची. त्यासाठी २०१६ चा भरपाई वनीकरण निधी कायदा आहे. महाराष्ट्रात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडे लावण्याचा मोठा गाजावाजा झाला, पुढे २०२१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. किती जगली हा वाद आम्ही बाजूला ठेवतो. आमचा प्रश्न वेगळा आहे: खड्डे खणले कुठे? कुंपण पडते ते बहुधा गायरानावर, पडीक सरकारी जमिनीवर किंवा ज्याचा वनहक्क दावा अजून निकाली निघालेला नाही अशा प्लॉटवर. बड्याच्या फार्महाऊसवर भरपाईचे वनीकरण झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

येथे हा प्रश्न थेट आपल्या चळवळीच्या दारात येतो. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच नाशिक जिल्ह्यातल्या आंबे गावचे. १९५९ चा आणि नंतर ६ डिसेंबर १९६४ पासूनचा देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह त्यांनी उभा केला, तो पडीक व सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी म्हणून. त्या हाकेला ओ देऊन ज्यांनी माळ फोडले, दगड वेचले, बांध घातले, त्यांची नातवंडे आज ‘अतिक्रमणदार’ म्हणून नोटिसा घेत आहेत. जंगल हा आदिवासींचा विषय, आपला नव्हे, असे समजून चळवळीतील बरीच मंडळी गप्प बसतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत किसान सभेचा जो लाँग मार्च गेला त्यात वनजमिनीच्या पट्ट्यांची मागणी सर्वांत पुढे होती. तेव्हा आपण किती होतो, याचा प्रत्येकाने आपल्याशी विचार करावा.

२००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींबरोबर ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आहेत. आदिवासीचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा पुरतो. इतरांना मात्र कलम २ (ओ) प्रमाणे त्या तारखेपूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, त्या भागात वास्तव्य व वनावर उपजीविका दाखवावी लागते. म्हणजे डिसेंबर १९३० पासून. ज्या वर्षी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे काळाराम मंदिराच्या दारात लाठ्या खात होती, त्या वर्षीचा कागद आणायचा! बौद्ध दावेदारांचे दावे येथेच अडतात. ‘पंचाहत्तर वर्षांचा पुरावा नाही’ एवढे एक वाक्य लिहून फाइल बंद होते.

हे वाक्य कायद्याला धरून नसते. पंचाहत्तर वर्षे वास्तव्याची आहेत, त्याच तुकड्याच्या ताब्याची नाहीत. ताब्याला २००५ चीच तारीख लागते. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाने हा खुलासा केलेला आहे. आणि वास्तव्याचा कागद आपल्याकडे नाही असेही नाही. गावोगावी महारकी वतन होते. ज्या वतनाला बाबासाहेबांनी गुलामगिरी म्हटले आणि ज्याच्याविरुद्ध १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले, त्याच वतनाच्या नोंदी, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेच्या जुन्या दाखल्यावरील गाव व जात आज आपल्या कामी येतात. जात पडताळणीसाठी घराघरात हे कागद आधीच काढून ठेवलेले आहेत. मुलाच्या प्रवेशाची ती पिशवी वनहक्काच्या दाव्यालाही जोडा.

उपग्रहाच्या चित्राबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. नागलीचे शेत दोन वर्षे पिकवून तिसऱ्या वर्षी पडीक ठेवतात, बांधावर मोह नि आंबा राखतात. चित्रात ते हिरवे दिसते, म्हणून ‘२००५ ला येथे जंगलच होते’ असा शेरा पडतो. ज्याने झाड राखले त्याचाच दावा त्या झाडामुळे जातो! आमराईला वन म्हणणारे आणि आंब्याच्या सावलीतल्या शेताला शेत न म्हणणारे चित्र एकच आहे. २०१२ च्या सुधारित नियमांतील नियम १२-अ सांगतो की उपग्रह चित्र हा पूरक पुरावा आहे, ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असेच बजावले आहे. नियम १३ प्रमाणे बांध, ताली, जमिनीचे सपाटीकरण, गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हे सर्व पुरावे चालतात. वन खात्याने केलेल्या दंडाची जुनी पावतीसुद्धा फेकू नका. त्या तारखेला तुम्ही त्या जमिनीवर होता, हे खात्यानेच लिहून दिलेले आहे.

वैयक्तिक पट्ट्याबरोबर सामूहिक हक्काचाही दावा करावा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये तो मिळाला आणि २०११ पासून गावाने आपला बांबू स्वतः विकला. मिश्र वस्तीच्या गावात बौद्धवाड्यातील प्रौढ मतदार ग्रामसभेचे सदस्यच आहेत. वनहक्क समितीच्या निवडीला त्यांनी हजर राहावे, विशेषतः महिलांनी, कारण ग्रामसभेच्या गणपूर्तीत एक तृतीयांश महिला लागतात.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला होता, त्याच महिन्याच्या २८ तारखेला तो स्थगित झाला. तेव्हापासून फेटाळलेले दावे पुन्हा तपासले जात आहेत. तोंडी ‘नामंजूर’ ऐकून घरी परतू नका. कारणांसह लेखी निर्णय मागा. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे साठ दिवसांत अर्ज करता येतो, आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय तो निकाली काढता येत नाही.