जुनी फटफटी आणि तिची नोंदणी

यावलकडील एखाद्या खळ्यात पत्र्याच्या छपराखाली जुनी जावा सापडली, म्हणजे हौशी माणसाला धनलाभच वाटतो. म्हैसूरच्या आयडियल जावाने 1961 पासून बनविलेली ही गाडी. तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर, पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. कसबी मिस्त्री ती उभी करतो. खरी अडचण पुढे आहे.

2021 च्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. मात्र सांगाडा व इंजिन मूळचेच हवे. हौसेखातर सांगाडा कापून लांबविला, की ही सवलत गेली, आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलमही आडवे येते! शिवाय व्हिंटेज गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती वा पेट्रोल भरण्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची. रोज बाजाराला न्यावयाची नाही. रोज फिरवावयाची असेल, तर साध्या नोंदणीचे दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

दोन्ही वाटांवर सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक कागदांशी जुळावा लागतो. गंज काढताना नेमका तोच पॉलिशपेपरने घासला गेला, तर गाडीची ओळख पटवावयाची कशी, हा प्रश्न आम्ही मिस्त्रीला आधीच विचारतो.