पुढचे पुस्तक कोणते?

पाळी करून आलेल्या कामगाराला वाचायला जेमतेम अर्धा तास मिळतो. तो वाया न जावा म्हणून तो विचारतो, "आता पुढे काय वाचू?" मी सांगतो, आवडलेल्या पात्रालाच विचारा. अण्णा भाऊ साठे यांचा ‘फकिरा’ (१९५९) घ्या. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा हा वीर मनात घर करतो. पण पिकवणाऱ्या मुलुखात माणसे उपाशी का? उत्तरासाठी जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावा. कर, कर्ज आणि कचेरी शेतकऱ्याला कशी नागवतात, ते तेथे कळते. मग नागवलेला माणूस गिरणीत आल्यावर काय होते? त्यासाठी मामा वरेरकरांचा ‘धावता धोटा’ आहे. मंडळी, पुस्तक मिटताना जो प्रश्न उरतो, तोच पुढच्या पुस्तकाचा पत्ता.