कर्करोग औषधाला दाद का देत नाही?



डहाणू तालुक्यातल्या वरोर गावी समुद्राच्या अंगाने चालत गेलात, तर वाळूमिश्रित जमिनीत, कुंपणाच्या कडेला एक झुडूप हमखास दिसेल. पाच पाकळ्यांची गुलाबी किंवा पांढरी फुले त्यावर बाराही महिने असतात. ही सदाफुली. मूळची मादागास्करची, पण आता इतकी आपली झाली आहे की तिला कोणी पाहुणी म्हणणार नाही. तिच्याकडे मुद्दाम लक्षही कोणी देत नाही.

या झुडपाच्या पानांतून मिळणारे व्हिनक्रिस्टीन हे औषध 1963 पासून रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले जाते. शोध लागला तो अपघातानेच. 1952 साली कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून सदाफुलीची पाने आली. तेथे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत असत. नोबल यांनी अर्क उंदरांना टोचला. रक्तातली साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तोच रक्ताचा कर्करोग, तेव्हा पुढचा विचार तुम्हीही केला असता. 1958 पर्यंत नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी या पानांतून व्हिनब्लास्टीन वेगळे केले. व्हिनक्रिस्टीन हे त्याचेच भावंड. (अंगणातली पाने चघळून मात्र पाहू नका. ती विषारी आहेत, आणि एक ग्रॅम औषधासाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात.)

पेशीचे दोन भाग होताना गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडे ओढून नेणारे बारीक धागे तयार होतात, त्यांना तर्कुतंतू म्हणतात. हे धागे विणलेच जाऊ नयेत अशी व्यवस्था सदाफुलीचे औषध करते. पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर अडकते आणि मरते. इतके नेमके औषध असूनही ते काही रोग्यांत काही काळाने चालेनासे होते. असे का व्हावे?

त्यासाठी आधी कर्कपेशीची ओळख करून घेऊ. वरोर, चिंचणी या भागात घरोघरी डाय बनवण्याचा धंदा चालतो. पोलादाच्या डायवर नक्षी कोरायची आणि तिच्यावर धातूचा पत्रा दाबून दागिन्यांचे भाग काढायचे. डायवर एक ओरखडा पडला, तर पुढच्या प्रत्येक दागिन्यावर तो उमटतो. पेशीतील डीएनए हीदेखील अशीच डाय. फरक एवढाच की पेशी विभागताना डायचीच नक्कल होते, आणि प्रत्येक नकलेत नवे ओरखडे पडू शकतात. 'आता थांब' हा हुकूम ज्या जनुकांत लिहिलेला असतो, तीच बिघडली की पेशी वाढतच सुटते.

आता वही घ्या. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असे तीस वेळा दुप्पट करा. आकडा 107 कोटींच्या पुढे जाईल. मोठ्या वाटाण्याएवढ्या, म्हणजे एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण इतक्या पेशी असतात. हाताला गाठ प्रथम लागते तेव्हा आत एवढी लोकसंख्या झालेली असते, आणि ती एकसारखी नसते. हा मुद्दा मनात धरून ठेवा, पुढचे सगळे त्यावर आहे.

आपल्याकडे तंबाखू, मिश्री, गुटखा यांच्यामुळे तोंडाचा कर्करोग फार. (गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे; ती कितपत पाळली जाते ते शाळेसमोरच्या रस्त्यावरच्या रिकाम्या पुड्यांना विचारा.) गालाच्या आतली किंवा जिभेची पेशी शेजारणींना घट्ट चिकटून असते. कर्कपेशींपैकी काही हे बंध सोडतात, आकार बदलतात, खालचा पातळ पडदा पाचक द्रव्यांनी विरघळवतात आणि लसीकेच्या किंवा रक्ताच्या वाहिनीत शिरतात. तोंडाकडून येणारी लसीका मानेतल्या ग्रंथींतून गाळली जाते. म्हणून तोंडातल्या पेशीचा पहिला मुक्काम बहुधा मानेत पडतो.

पण पोचलेली प्रत्येक पेशी रुजते असे नाही. डहाणूच्या खाडीकाठची तिवरे पाहा. तिवराचे बी झाडावर असतानाच अंकुरते आणि मग भरती-ओहोटीबरोबर वाहत जाते. असंख्य बिया समुद्रात जातात, खडकावर वाळतात. एखादीच योग्य चिखलात अडकते आणि रुजते. 1889 साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगाच्या 735 मृत रुग्णांच्या नोंदी तपासून हेच म्हटले होते: गाठी कोठेही उगवत नाहीत, बीजाला मानवेल अशी जमीन लागते. पुढे 1970 साली आयझाया फिडलर यांनी खुणेच्या कर्कपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. एका दिवसानंतर शंभरांतली जेमतेम एखादी उरली होती, आणि गाठ बनवण्याइतक्या टिकल्या त्या त्याहूनही फार थोड्या. रक्ताच्या लोटात फाटून जाणे, प्रतिकारसंस्थेच्या पेशींच्या हाती सापडणे, परक्या अवयवात उपासमार होणे, या सर्वांतून जी तगली ती पेशी सामान्य नव्हे. प्रवास म्हणजे चाळणीच आहे.

आधीच रुजलेल्या, पण हाताला न लागणाऱ्या पेशींचे काय करायचे? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी हा प्रश्न सरळ प्रयोगाला घातला. 2004 ते 2014 या काळात तोंडाचा कर्करोग लवकर सापडलेल्या, मानेत गाठ न लागणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटात तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या ग्रंथीही काढल्या. दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत वाट पाहिली. पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातले 80 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. वरवर निर्दोष दिसणाऱ्या मानांपैकी सुमारे तीस टक्के मानांत कर्कपेशी आधीच येऊन बसल्या होत्या! वाणगावहून गाडी पकडून परळला जाणाऱ्या रोग्याच्या दृष्टीने 'महिनाभराने जाऊ' या शब्दांची किंमत या आकड्यांत दिसते. तीन आठवड्यांत न भरणारे तोंडातले व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखे न उघडणे, या खुणा घरातल्या मोठ्यांना तुम्ही सांगू शकता.

आता औषधाकडे वळू. औषध घेऊन पेशी 'शिकते' असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. वरोरच्या कोळ्याला विचारा. जाळ्याची आस, म्हणजे भोकाचा आकार, ठरलेला असतो. मोठी मासळी अडकते, बारीक निसटते. जाळ्याने मासळीला बारीक व्हायला शिकवलेले नसते. बारीक मासळी पाण्यात आधीपासूनच होती. समजा, दहा लाख पेशींत एक पेशी अशी आहे की जिच्यावर औषध चालत नाही. मग शंभर कोटींच्या गाठीत अशा हजार झाल्या. औषधाने बाकीच्या सगळ्या मारल्या तर गाठ नाहीशी झालेली दिसेल, घरात पेढे वाटले जातील, आणि त्या हजार पेशींना मोकळे रान मिळेल.

1948 साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी नेमके हेच अनुभवले. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या देशबांधवाच्या पथकाने बनवलेले अमिनोप्टेरिन त्यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या 16 मुलांना दिले. दहा मुले सुधारली. अंथरुणाला खिळलेली मुले हिंडूफिरू लागली. पण काही महिन्यांतच रोग परतला.

उपाय तुमच्या वहीतल्या गणितातच आहे. एका औषधाला चुकवणारी पेशी दहा लाखांत एक, दुसऱ्याला चुकवणारीही दहा लाखांत एक. मग दोन्ही चुकवणारी किती? दहा लाख गुणिले दहा लाख, म्हणजे एक लाख कोटींत एक! शंभर कोटींच्या गाठीत ती बहुधा नसेलच. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत एमिल फ्राय व एमिल फ्रायराइक यांनी मुलांना एकदम चार औषधे देण्यास सुरुवात केली. त्यांत आपली सदाफुली होती. आज जेथे उपचार वेळेवर आणि पूर्ण होतात, तेथे या प्रकारच्या रक्तकर्करोगाची दहांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात.

पण हे गणित एका अटीवर बसते: दोन औषधांना चुकवण्याच्या वाटा वेगळ्या असल्या पाहिजेत. पावसाळ्यात कोकणात फुलणारी लाल-पिवळी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात कोल्चिसीन हे विष असते, आणि तेही तर्कुतंतूंनाच अडवते. 1976 साली ज्युलियानो व लिंग या शास्त्रज्ञांनी कोल्चिसीनला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशी तपासल्या. त्या पेशींच्या आवरणात एक प्रथिन अतोनात वाढलेले आढळले. ते पंपासारखे आहे असे पुढे समजले. औषध आत आले की पंप ते उपसून बाहेर टाकतो, होडीत शिरलेले पाणी खलाशाने उपसावे तसे. गंमत अशी की पंप एका विषावर थांबत नाही. सदाफुलीचे औषधही उपसतो आणि रचनेने अगदी निराळी असलेली इतर कित्येक औषधेही. एका पंपाने आपले गुणाकाराचे गणित मोडते.

मग पंपच बंद का करू नये? प्रयत्न झाले, पण मोठे यश आले नाही. हा पंप कर्करोगाची निर्मिती नाही. आपल्या आतड्यांत, मूत्रपिंडांत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत तो रात्रंदिवस विषे बाहेर टाकत असतो. कर्कपेशीने घरातलेच हत्यार उचलले आहे. इतर वाटाही आहेत. कोणी तुटलेला डीएनए चटकन सांधते, कोणी औषधाचे लक्ष्यच बदलते. आणि दूर जाऊन पडलेल्या काही पेशी तर नुसत्या झोपून राहतात. विभाजनच न करणाऱ्या पेशीला तर्कुतंतूंचे औषध काय करणार? म्हणूनच स्तनाचा कर्करोग कधी कधी दहा वर्षांनी हाडांत डोके वर काढतो.

त्यामुळे पेशी निघण्यापूर्वीच त्यांना अडवता येईल का, असा विचार टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी केला. भारतातील 11 केंद्रांत सुमारे 1600 स्त्रियांवर हा प्रयोग झाला. निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचले. दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच हे स्वस्त औषध. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर लिडोकेन दिलेल्यांपैकी 90.1 टक्के हयात होत्या, न दिलेल्यांपैकी 86.4 टक्के. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला होणाऱ्या हाताळणीला पेशी जो प्रतिसाद देतात, तो लिडोकेनने थोपवला जात असावा, असा त्यांचा तर्क आहे. नेमके काय घडते, त्यावर काम चालू आहे.