आफ्रिकेतील अतिरक्तदाब

रोहिण्यांतील रक्ताचा दाब हृदयाच्या आकुंचनकाली पाऱ्याच्या १४० मिमी. किंवा प्रसरणकाली ९० मिमी. इतका वा त्याहून अधिक सातत्याने राहिल्यास त्या स्थितीस सामान्यतः अतिरक्तदाब म्हणतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हा विकार एके काळी दुर्मिळ समजला जाई. आज मात्र पक्षाघात, हृदयाची अकार्यक्षमता व मूत्रपिंडांचे विकार यांच्या तेथील प्रमुख कारणांत त्याची गणना होते.

केन्यात काम करणारे ब्रिटिश वैद्य सी. पी. डॉनिसन यांनी १,००० स्थानिक व्यक्तींचा रक्तदाब मोजून आपले निष्कर्ष १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. तारुण्यात हा दाब यूरोपीयांइतकाच असला, तरी पुढे वयाबरोबर तो वाढण्याऐवजी किंचित उतरत जातो, असे त्यांना आढळले. रक्तदाब वयानुसार वाढणे हा निसर्गनियमच होय, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. पुढे जे बदलले ते लोकांचे रक्त नव्हे, तर राहणीमान. व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरातून नैरोबीत आलेल्या लुओ स्थलांतरितांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. गावी राहिलेल्यांच्या तुलनेत या स्थलांतरितांचा रक्तदाब थोड्याच काळात वाढल्याचे त्यात दिसून आले. त्यांच्या मूत्रातील सोडियमाचे पोटॅशियमाशी असलेले प्रमाण वाढले होते, वजन अधिक होते व नाडीही जलद चालत होती. मीठ अधिक, कंदमुळे व भाजीपाला कमी, आणि शहरी जीवनाचा ताण असा हा एकत्रित परिणाम असावा. पश्चिम आफ्रिकेत सुकविलेले खारे मासे व रश्शात विरघळविण्याच्या मसाल्याच्या वड्या यांतूनही बरेच मीठ पोटात जाते.

कृष्णवर्णीयांत अतिरक्तदाब उपजतच अधिक असतो, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. गुलामांच्या जहाजांवरील हालअपेष्टांतून शरीरात मीठ धरून ठेवणारेच तेवढे वाचले व तो गुण त्यांच्या वंशजांत उतरला, अशीही एक उपपत्ती मांडली गेली. ती आकर्षक असली, तरी तिचा ऐतिहासिक आधार फार तोकडा आहे. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक पाहणीत अतिरक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कृष्णवर्णीयांत ३३ टक्के आढळले. २००५ मधील अशाच एका तुलनेत जर्मनी व फिनलंड येथील गोऱ्या लोकांतील प्रमाण अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपेक्षाही अधिक भरले. केवळ वंशाच्या आधारे या आकड्यांचा उलगडा होऊ शकत नाही.

आनुवंशिकतेचा भाग मूत्रपिंडांच्या बाबतीत मात्र खरा आहे. एपीओएल१ या जनुकाची दोन रूपे निद्रारोगाच्या परजीवींपासून संरक्षण देतात; परंतु आई व वडील या दोघांकडूनही अशी रूपे आलेल्या व्यक्तींत मूत्रपिंडविकाराचा धोका वाढतो, असे २०१० मध्ये निदर्शनास आले.

परिणामांचे स्वरूपही ध्यानात घेण्याजोगे आहे. नऊ आफ्रिकी देशांतील हृदय-अकार्यक्षमतेच्या १,००६ रुग्णांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ४५ टक्के रुग्णांत मूळ कारण अतिरक्तदाब हे होते आणि रुग्णांचे सरासरी वय केवळ ५२ वर्षे होते. म्हणजे रुग्ण अगदी कमावत्या वयात अंथरुणाला खिळतो. हृद्‌रोहिणीविकार तेथे तुलनेने कमी असला, तरी त्याची कारणे इतरत्र दिसतात तीच आहेत : धूम्रपान, मधुमेह, अतिरक्तदाब, पोटाची स्थूलता व रक्तातील मेदद्रव्यांचा असमतोल. पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचा सुमारे ८९ टक्के धोका या पाच घटकांशी निगडित असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आफ्रिकेतील अभ्यासात आढळले.

अतिरक्तदाब बहुधा लक्षणांवाचून असतो. त्यामुळे अनेकांना तो पक्षाघात झाल्यावरच कळतो, आणि कळल्यावरही रोज औषध विकत घेणे सर्वांना परवडत नाही. दक्षिण आफ्रिकेने पाव व इतर तयार खाद्यपदार्थांतील सोडियमावर कायद्याने मर्यादा घातली व ती २०१६ पासून अंमलात आणली. औषधांविषयी सहा देशांतील ७२८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ॲम्लोडिपिनाला हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा पेरिंडोप्रिल यांपैकी एकाची जोड दिल्यास, ॲम्लोडिपिन वगळून उरलेली दोन एकत्र देण्यापेक्षा रक्तदाब अधिक उतरतो, असे सिद्ध झाले.