पडद्यामागची लेखणी (भाग 14) : पैसे कुठून यायचे?

मालिकांच्या ‘बँके’वर लिहीन असं गेल्या आठवड्यात कबूल केलं होतं. रोज एक भाग दाखवायचा तर आधी किती भाग तयार ठेवावे लागतात, तो हिशेब मांडायलाही घेतला होता. तेवढ्यात ठाकूरद्वारच्या एका वाचक आजींचं पत्र आलं आणि तो कागद बाजूला राहिला. त्या विचारतात, ‘‘आमच्या वेळी टीव्हीवरच्या नाटकाला ‘निर्मिती’ म्हणून ठरावीक दोन-तीन नावं असायची. एवढी नाटकं काढायला या माणसांकडे पैसे कुठून यायचे?’’

आजी, पैसे त्यांचे नसायचेच. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, तेव्हा निर्माता हे तिथलं नोकरीतलं पद होतं. विनायक चासकर, विजया धुमाळे, याकूब सईद ही सगळी पगारी माणसं. संहिता मिळवायची, नट जमवायचे, तालमी घ्यायच्या आणि रेकॉर्डिंगला कंट्रोल रूममध्ये बसून कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते सांगायचं, ही त्यांची ‘निर्मिती’. आपल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहात नाटक लावणारा निर्माता वेगळा. नाटक पडलं की कर्ज त्याच्या डोक्यावर.

आमच्या चाळीत एकच टीव्ही सेट होता, तोही पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. आम्ही पोरं गॅलरीतून खिडकीच्या गजांना चिकटून बघायचो. नावं तेव्हा हातानं रंगवलेल्या कार्डांवर असायची. कार्ड स्टँडवर ठेवून त्यावर कॅमेरा लावत. बदलताना अक्षरं किंचित थरथरायची. ती थरथर मला अजून आठवते. आत कुणाचा तरी हात आहे हे तिच्यामुळे कळायचं.

या पगारी निर्मात्यांची परंपरा सुरू होते ती आपल्या गिरगावशेजारच्या गामदेवीत जन्मलेल्या माणसापासून. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत टेलिव्हिजनचे प्रयोग सुरू झाले, तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत पु. ल. देशपांडे होते. पंडित नेहरूंची भारतीय टीव्हीवरची पहिली मुलाखत त्यांनीच घेतली. ‘तुझे आहे तुजपाशी’ तोवर रंगभूमीवर गाजलं होतं. ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटात तर कथा, पटकथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं त्यांचंच. म्हणजे निर्मात्याच्या खुर्चीत लेखकच बसला होता.

मला हे फार मोलाचं वाटतं. निर्मात्याला पैसे वसूल करायचे नसले की तो लेखकाला वेळ देऊ शकतो. चि. वि. जोशींच्या जुन्या कथांमधले चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपानं घरोघर पोचले, ते याच पगारी व्यवस्थेतून. बजेट तुटपुंजं, वर सरकारी मंजुऱ्या, हे खरंच. पण खपेल का, हा पहिला प्रश्न नव्हता.

1984 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका आली. मनोहर श्याम जोशींनी एकहाती दीडशेहून अधिक भाग लिहिले. आणि त्याबरोबर प्रायोजकाचा पैसाही आला. मग बाहेरच्या निर्मिती संस्था उभ्या राहिल्या आणि ‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ साहित्य संघातल्या निर्मात्यासारखा झाला: जोखीम घेणारा. पुढे रोजच्या मालिका आल्या. आठवड्याला पाच-सहा भाग एका माणसाच्या हातून उतरणं कठीण, म्हणून ‘लेखन’ या एका कार्डाच्या जागी कथा, पटकथा, संवाद अशी तीन नावं आली. आज रात्री तुमच्या मालिकेच्या नामावलीत ती तीन नावं शोधून बघा.

पुढच्या आठवड्यात बँक नक्की. मात्र आपल्या गिरगावातच जन्मलेल्या विजय तेंडुलकरांनी टीव्हीसाठी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’विषयीही दोन वाचकांनी विचारलंय. ती मालिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी आठवणी जरूर कळवाव्यात. त्यावर स्वतंत्र भाग लिहिणारच आहे.